रिमोट हातात, लढाई फरशीवर

खेळण्यांच्या दुकानात हल्ली एक खोका दिसतो. त्यात दोन ठेंगणी यंत्रं समोरासमोर बसवलेली असतात. त्यांना डोकं नाही, हातपाय नाहीत, चेहरा तर नाहीच. चाकं आहेत आणि तोंडाशी एक हत्यार आहे. एकाचं आडवं फिरणारं पातं, दुसऱ्याची उभी फिरणारी चकती. सोबत दोन रिमोट. दोन मुलांनी दोन रिमोट घ्यायचे आणि फरशीवर यंत्रं एकमेकांवर सोडायची. जोराचा दणका बसला की यंत्राच्या अंगावरचा प्लास्टिकचा तुकडा उडतो. तुकडे संपले, तो हरला. मग उडालेले तुकडे गोळा करायचे, पुन्हा खटाखट बसवायचे आणि नवा डाव मांडायचा.

हे खेळणं म्हणजे कुठल्या तरी खऱ्या यंत्राची छोटी नक्कल असते. टूमस्टोन, विच डॉक्टर ही नावं खोक्यावर असतात आणि त्या नावांची शंभर-सव्वाशे किलोची पोलादी यंत्रं अमेरिकेत खरोखर लढलेली आहेत. आपल्याकडेही अशा यंत्रांची कुस्ती होते, तीही ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर, पवईला. पण तिथं पोचण्याआधी थोडं मागं जावं लागेल, कारण या खेळण्याचा जीव त्याच्या पात्यात नाही. तो तारेशिवाय जाणाऱ्या हुकमात आहे.

हा हुकूम आपल्या देशात फार लवकर ऐकला गेला. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग केला. एका ठिकाणाहून विद्युतलहरी सोडल्या, त्या भिंती ओलांडून गेल्या आणि पलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. मधे तार नाही, दोरी नाही. घंटा आणि दारू, या दोन गोष्टी एकाच प्रयोगात याव्यात हे मला फार सूचक वाटतं. पहिल्या दिवसापासून ही लहर निरोपही नेत होती आणि स्फोटही.

तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली. तो दूर उभा राहून तिला वळवी, थांबवी, तिचे दिवे लावी. बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. जगातलं हे पहिलं रिमोटचं खेळणं म्हणायला हरकत नाही, पण टेस्लाच्या डोक्यात खेळणं नव्हतं. त्यानं या होडीचं पेटंट घेतलं आणि त्यातच लिहून ठेवलं की या शोधाचा मोठा उपयोग युद्धात होईल. माणसाशिवाय चालणारं हत्यार इतका नाश करील की राष्ट्रं घाबरून कायमची शांत बसतील, असा त्याचा हिशेब होता. मोठी माणसं कधी कधी फार भोळी असतात.

‘रोबो’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. तो आला १९२० मध्ये, चेक लेखक कारेल चापेक याच्या नाटकातून. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. म्हणजे रोबो हा मुळात वेठीला धरलेला मजूर. नाटकात तो मालकांवर उलटतो हे सगळ्यांना माहीत असतं, वेठबिगारीचा भाग मात्र आपण सोयीनं विसरतो.

या मजुराचं खेळणं केलं ते जपाननं, आणि तेही युद्धात बेचिराख झाल्यावर. १९४५च्या अखेरीस तिथल्या कारागिरांनी अमेरिकी सैनिकांनी फेकून दिलेले खाद्यपदार्थांचे डबे गोळा केले, त्यांचा पत्रा सरळ केला आणि त्यातून छोट्या जीपगाड्या केल्या. हरलेल्या देशातल्या मुलांनी जिंकणाऱ्यांच्या डब्यातून बनलेली जिंकणाऱ्यांचीच जीप ओढली. मग पत्र्याचे रोबो आले, चावीवर चालणारे. १९५५ मध्ये मासुदाया या कंपनीनं रेडिओलहरींवर चालणारी खेळण्यातली बस काढली आणि १९५७ मध्ये रेडिओवर चालणारा रोबो. १९६४ साली अमेरिकेत लुई मार्क्सच्या कंपनीनं एक लाल आणि एक निळा असे दोन मुष्टियोद्धे रोबो एका रिंगणात उभे केले. त्यांना रिमोट नव्हता, खालच्या खटक्यांनी ते ठोसे मारत. ठोसा नेमका बसला की समोरच्याची मान ताडकन वर उडायची. आजच्या खोक्यातलं उडणाऱ्या तुकड्यांचं गणित त्या उडणाऱ्या मानेतच आहे. हरणं दिसलं पाहिजे, पण कायमचं मोडता कामा नये.

आमच्या कल्याणच्या वस्तीत यातलं काही आलं नव्हतं. आम्हाला लढाऊ रोबो भेटला तो दूरदर्शनवर, ऐंशीच्या दशकात. ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका, मूळची १९६७ची. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या खोलीत पंचवीस पोरं दाटीवाटीनं बसायची. जॉनी सोक्को नावाचा एवढासा मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि डोंगराएवढा रोबो उडत यायचा. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या मनगटावर पेनानं काढलेलं घड्याळ. त्या रोबोची अट अशी की तो जॉनीच्याच आवाजाचं ऐकणार. आणि मालिकेच्या शेवटी काय होतं? शत्रूला घेऊन तो आकाशात निघतो, जॉनी परत फिर म्हणून ओरडतो आणि पहिल्यांदाच रोबो त्याचं ऐकत नाही. तो स्वतःसकट शत्रूला संपवतो. आम्ही पोरं त्याच्यासाठी रडलो. हुकूम मोडणारं यंत्र आम्हाला तेव्हा थोर वाटलं होतं.

हातातली लढाई मात्र भोवऱ्याची होती. दुसऱ्याचा भोवरा जमिनीवर गरगरत असताना आपला नेम धरून असा फेकायचा की आपली आर त्याच्या लाकडात खोक पाडील. माझे अब्बा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. ते मला लेथवर घासून आर करून द्यायचे, त्यामुळे गल्लीत माझ्या भोवऱ्याला मान होता. पण माझ्याही भोवऱ्यावर खोका पडायच्याच. त्या परत बुजत नसत. भोवरा जुना झाला की तो किती लढायांतून गेला हे अंगठा फिरवून कळायचं.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि ठाण्यापासूनच कामाला लागलं. पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत आली. सकाळच्या लोकलमध्ये डबे घेतलेले टर्नर, फिटर, वेल्डर उभे असायचे. आमच्या भागात पोरांना यंत्रांची ओळख पुस्तकातून झाली नाही. बापाच्या कपड्याला येणाऱ्या कूलंटच्या वासातून झाली. पुढं एकेक मोठा कारखाना बंद पडत गेला, जागेवर उंच इमारती आल्या. पण छोटी वर्कशॉपं पुरती संपली नाहीत. एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि दोन माणसं, एवढ्यावर चालणारे गाळे वागळे इस्टेटला आणि डोंबिवलीला आजही सापडतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण लढाऊ यंत्रं जन्माला येतात ती अशाच गाळ्यांत.

आता पुन्हा अमेरिका. मार्क थॉर्प नावाचा एक कलाकार ‘स्टार वॉर्स’वाल्या लुकास यांच्या कंपनीत काम करत होता, तिथल्या खेळण्यांच्या विभागातही होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो घरात रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायच्या खटपटीत होता. घर काही झाडलं गेलं नाही, पण त्यातून त्याला यंत्रांच्या कुस्तीची कल्पना सुचली. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यानं ‘रोबो वॉर्स’ भरवलं. १९९८ मध्ये बीबीसीनं त्याचा कार्यक्रम केला, २००० मध्ये अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ सुरू झालं. टीव्हीवर गाजलं की खेळणं येणारच. नव्या शतकाच्या आरंभीच या यंत्रांच्या छोट्या रिमोट आवृत्त्या निघाल्या. २०१५ मध्ये ‘बॅटलबॉट्स’ नव्यानं सुरू झालं आणि हेक्सबग कंपनीची खेळणी आली, ती मी सुरुवातीला सांगितली त्या जातीची.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत १९९८ पासून ‘टेकफेस्ट’ भरतो. त्यातली यंत्रांची लढत बघायला इतकी गर्दी होऊ लागली की दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेनं हेवा करावा. भारतात या लढती ८, १५, ३०, ६० किलो अशा वजनी गटांत होतात. परदेशांतूनही संघ येत गेले, ब्राझीलचे तर फार तयारीचे. रिओच्या कॅथलिक विद्यापीठातल्या ‘रिओबॉट्झ’ या संघाच्या मार्गदर्शक प्राध्यापकानं, मार्को मेज्जिओलारो यांनी, लढाऊ यंत्र कसं करावं याचं जाडजूड पुस्तक लिहून फुकट वाटलं. आपली विद्या प्रतिस्पर्ध्याला देऊन मग रिंगणात उतरायचं, ही मला या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

माझा भाचा आपल्या कॉलेजच्या संघातून तिथं लढलाय. २०१३-१४च्या सुमाराची गोष्ट. त्याच्यामुळे मला या खेळाची भाषा कळली. मी कवी माणूस, बी.ए. मराठी. मला तो वरवंट्याच्या भाषेत समजावून सांगायचा. यंत्राच्या तोंडाशी जाड पोलादी वरवंटा भयंकर वेगानं फिरतोय असं समज मामू, त्याला दोन दात. समोरचा त्याला नुसता टेकला तरी छपराकडे उडतो. आडव्या पात्याचं यंत्र म्हणजे आडवा भोवराच. दोन्हींचं तत्त्व एक. मोटार सावकाश सावकाश त्या जड लोखंडात वेग साठवत जाते आणि तो सगळा साठा एका क्षणात समोरच्यावर रिकामा होतो. पण धक्का दोघांनाही बसतो. मारणाऱ्याचेही वेल्डिंग निखळतात, बॅटरीच्या तारा तुटतात. कित्येकदा मारणाराच बंद पडतो आणि मार खाणारा रांगत रांगत जिंकतो.

चार महिने ही पोरं एका गाळ्यात पडीक होती. गाळ्याचे मालक अब्बांच्याच पिढीतले टर्नर. त्यांनी पहिल्या दिवशी पोरांचं ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, “पातं चांगलंय रे, पण त्याला धरणारा शाफ्ट कुणी काढलाय? हा तर पहिल्या टोल्याला वाकेल.” शाफ्ट बदलला. पवईला दुसऱ्या लढतीत त्यांचं यंत्र तीन मिनिटांत भंगार झालं. चिलखताची प्लेट पापडासारखी दुमडली होती. पोरांनी ती परत आणून गाळ्याच्या भिंतीला टांगली. शाफ्ट मात्र सरळ होता आणि त्या म्हाताऱ्याला त्याचाच आनंद.

आता रिमोटकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

हाच भाचा आठ-नऊ वर्षांचा असताना, २००३ च्या रमजान ईदेला, मी त्याला रिमोटची गाडी आणली होती. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतून. त्या वर्षी १३ मार्चला मुलुंड स्थानकात कर्जत लोकलमध्ये स्फोट झाला होता, ऑगस्टमध्ये गेट वे आणि झवेरी बाजारला. स्टेशनावर सारखी घोषणा चालू असायची की बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि त्या वस्तूंच्या यादीत ट्रान्झिस्टर असायचा, जेवणाचा डबा असायचा आणि खेळणीही असायची. मी मागं जे घंटा आणि दारूचं म्हटलं, ते असं आमच्या रोजच्या लोकलमध्ये येऊन बसलं होतं. माझ्या पिशवीतून रिमोटची एरियल बाहेर डोकावत होती. समोरच्या गृहस्थांनी माझ्या दाढीकडे पाहिलं, एरियलकडे पाहिलं आणि घाटकोपर गेल्यावर विचारलं, “पिशवीत काय आहे हो?” मी खोका काढला, उघडला, गाडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून चाकं फिरवून बघितली. मग विचारलं, “कितीला मिळाली?”

घरी वेगळीच गंमत. शेजारच्या मुलालाही तशीच गाडी आली होती. दोघांनी टक्कर लावायची ठरवली आणि बघतात तर काय, एकाच्या रिमोटवर दोन्ही गाड्या चालायच्या! हा पुढं दाबायचा, दोन्ही पुढं. तो वळवायचा, दोन्ही वळायच्या. कारण साधं होतं. त्या काळची स्वस्त खेळणी बहुतेक २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालत आणि गाडीला फक्त लहर कळे, हुकूम कुणाचा ते कळत नसे. शेजारी मिक्सर लागला तरी गाडी दचकायची. जॉनी सोक्कोच्या रोबोला आवाजाची ओळख होती, आमच्या गाडीला नव्हती. दोन्ही गाड्या एकाच्या हातात म्हटल्यावर लढाई कसली? पोरांनी शर्यत लावली, तीही बरोबरीत सुटायची. शेवटी ते पाळीपाळीनं दोन्ही गाड्यांची कवायत करू लागले.

पुढं २.४ गिगाहर्ट्झची यंत्रणा आली. २००५ मध्ये आपल्या सरकारनं हा पट्टा बिनपरवाना वापरायला मोकळा केला. या यंत्रणेत रिमोट आणि यंत्र यांची आधी ओळख करून द्यावी लागते. मग ते यंत्र त्याच रिमोटचं ऐकतं, बाजूला वीस रिमोट असले तरी. ही निष्ठा आल्यावर लढती सुरळीत झाल्या. पण मग एक प्रश्न उरला. हुकूम देणाराच गप्प झाला तर? रिमोटची बॅटरी संपली, एरियल तुटली, तर ते फिरतं पातं घेऊन यंत्रानं काय करायचं?

लढाऊ यंत्रांच्या स्पर्धांत याचं उत्तर नियमात लिहिलेलं असतं. त्याला फेलसेफ म्हणतात. रिमोटशी संपर्क तुटला की यंत्रानं आपसूक थांबलं पाहिजे, चाकंही आणि हत्यारही. ज्याचं यंत्र तसं थांबत नाही त्याला रिंगणात पाऊल टाकू देत नाहीत, मग ते कितीही तगडं असो. मी ही सगळी यंत्रकुस्ती बघितली, ठिणग्या पाहिल्या, टाळ्या ऐकल्या, पण मला खेळ म्हणून ती पटली ती या एका नियमामुळे. माणसाचा हात सुटला की हत्यार बंद.

युद्धात आता नेमकं उलट चाललंय. युक्रेनमध्ये २०२२ पासून युद्ध पेटलं आणि तिथले सैनिक खेळण्यातल्यासारखे रिमोट हातात घेऊन ड्रोन उडवू लागले. मग शत्रूनं लहरी अडवायला सुरुवात केली. त्यावर एक उपाय म्हणून ड्रोनच्या मागं काचतंतूची बारीक तार सोडत न्यायची पद्धत आली, म्हणजे फिरून दोरीवरच आलो. दुसरा उपाय असा की संपर्क तुटला तरी ड्रोननं स्वतः लक्ष्य ओळखून शेवटचं अंतर काटावं. जायंट रोबोनं हुकूम मोडला तेव्हा आम्ही रडलो होतो, कारण तो स्वतः मरायला निघाला होता. हे यंत्र हुकूम नसताना दुसऱ्याला मारायला निघतं. टेस्लाचा शांततेचा हिशेब सव्वाशे वर्षं झाली तरी जुळलेला नाही.

रिमोटचं यंत्र माणसाला वाचवूही शकतं, याचा दाखला पुण्यात आहे. दिघीच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत ‘दक्ष’ नावाचा रोबो बनला आणि २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराला मिळाली. तो जिने चढतो, संशयित वस्तूचा क्ष-किरण फोटो काढतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बॉम्ब निकामी करतो. चालवणारा शेकडो मीटर लांब असतो. बेवारस पिशवीपाशी माणसाऐवजी तो जातो. त्याचं खेळणं मला अजून कुठल्या दुकानात दिसलेलं नाही. पिशवीजवळ जाऊन हळूच उघडणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक नसावं.

भाचा आता नोकरी करतो आणि रविवारी कल्याणला चार-सहा शाळकरी मुलांना ही यंत्रं करायला शिकवतो. साठ किलोची नव्हेत, पाव-अर्ध्या किलोची, प्लास्टिकच्या छापील सांगाड्याची. दुकानातली खेळणीही त्यानं जवळ ठेवलीत. पहिल्या रविवारी मुलांना खेळू देतो, दुसऱ्या रविवारी स्क्रू-ड्रायव्हर देऊन ती उघडायला लावतो. पुष्कळ मुलांना उघडायची भीती वाटते, कारण घरी खेळणं उघडलं की ओरडा बसतो. काहीजण उघडतात आणि आत जेमतेम एक छोटी पाटी आणि तीन मोटारी बघून हिरमुसतात. त्यांना आत बरंच काही असेल असं वाटलेलं असतं.

लढत लावण्याआधीची तपासणी मी एकदा बसून पाहिली. प्रत्येक मूल आपलं यंत्र टेबलावर ठोकळ्यावर ठेवतं, चाकं अधांतरी. रिमोट चालू, चाकं घरघरतात, पातं फिरू लागतं. सगळे दोन पावलं मागं सरतात. मग भाचा म्हणतो, “रिमोट बंद कर.” मूल बटन बंद करतं आणि बाकीची मोठ्यानं आकडे मोजतात. परवा एका मुलीचं यंत्र चारला थांबलं. एकाचं दहा झाले तरी फिरतच होतं. भाच्यानं त्याची वायर काढली, यंत्र त्याच्या हातात दिलं आणि खुर्ची दाखवली. पोरगा कुरकुरत खुर्चीवर बसला, सोल्डरिंगची बंदूक तापेपर्यंत तो माझ्याकडे रागानं बघत होता, जणू नियम मीच केला होता.